वेबवरचे मुखत्यार

कॉलेजांत हजेरीच्या वेळीं एखादा विद्यार्थी आपल्या गैरहजर मित्राच्या नांवाला ‘हजर’ म्हणून ओ देतो. या उद्योगाला विद्यार्थ्यांच्या बोलींत ‘प्रॉक्सी’ असें म्हणतात. माझी हयात प्राथमिक शाळेंत हजेरीपट भरण्यांत गेली; त्यामुळें दुसऱ्याच्या नांवाला दिलेली ओ आवाजावरून ओळखण्याचा थोडासा अभ्यास मलाही झालेला आहे. परंतु गेल्या वर्षीं माझा एक जुना विद्यार्थी भेटावयास आला आणि आपल्या मोबाइलच्या पडद्यावरील एका चिन्हावर बोट ठेवून मला म्हणाला, “गुरुजी, ही प्रॉक्सी फुकट मिळते. ही सुरू केली म्हणजे आपण वेबवर कोठें जातों, काय वाचतों, हें कोणालाच कळत नाहीं. बँकेचें कामही मी आतां हिच्यांतूनच करतों. तुम्हीही घ्या.” त्याचा हेतु चांगला होता. पण ‘कोणालाच कळत नाहीं’ हे शब्द मला खटकले. जो आपल्या वतीनें जातो, त्याला तरी कळत असलेंच पाहिजे! हा प्रश्न मीं त्याला विचारला. त्याजपाशीं उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर माझ्यापाशींही नव्हतें. तें शोधतां शोधतां गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा एक इतिहास हातीं लागला. तोच आज आपणांपुढें ठेवीत आहें.

प्रॉक्सी या शब्दाला आपल्याकडे जुना आणि चपखल शब्द आहे, तो ‘मुखत्यार’. दुसऱ्याच्या वतीनें बोलणारा, देणारा, घेणारा तो मुखत्यार. वेबवर आपण एखादें पान मागतों तेव्हां सामान्यतः आपलें यंत्र स्वतःच त्या पानाच्या मालकाच्या यंत्राकडे, म्हणजे सर्व्हरकडे, मागणी पाठवितें. सर्व्हरला आपल्या यंत्राचा पत्ता दिसतो, आणि आपल्याला इंटरनेटची वाट पुरविणाऱ्या कंपनीलाही आपण कोणाच्या दारीं गेलों हें दिसतें. मुखत्यार नेमला म्हणजे या व्यवहारांत तिसरा मनुष्य येतो. आपण मुखत्याराला सांगतों. तो जाऊन पान आणतो. सर्व्हरला दिसतो तो मुखत्याराचा पत्ता, आपला नव्हे. मूळ कल्पना एवढीच. परंतु हा मुखत्यार कोणी नेमला, कशासाठीं नेमला, आणि त्याच्या हातीं उघडी चिठ्ठी दिली कीं मोहोर केलेला लाखोटा दिला, यांवर सर्व कांहीं अवलंबून असतें.

आश्चर्य वाटेल, पण वेबवरचा पहिला मुखत्यार लपविण्यासाठीं नेमलेला नव्हता. वेबचा जन्म जिनीव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधनसंस्थेंत झाला. टिम बर्नर्स-ली या इंग्रज शास्त्रज्ञानें १९८९ सालीं तेथें वेबची योजना मांडली, आणि एप्रिल १९९३ मध्यें संस्थेनें ही विद्या सर्व जगाला विनामूल्य खुली केली. परंतु त्या काळीं मोठमोठ्या कंपन्यांनीं आपल्या यंत्रांभोंवतीं एक तट उभारलेला होता. त्यास ‘फायरवॉल’ म्हणतात. तटाच्या आंतील यंत्रांस बाहेर थेट जाण्याची मनाई असे. त्यामुळें वेब जगाला खुलें झालें तरी तटाच्या आंत बसलेल्या शेंकडों लोकांना तें बंदच होतें. यावर उपाय असा निघाला कीं, तटाला एकच दिंडी ठेवावी व तेथें एक विश्वासू मनुष्य बसवावा. आंतल्यानें त्याला मागावें आणि त्यानें बाहेरून आणून द्यावें. सर्नमधील आरी लुओटोनेन आणि इंटेल कंपनींतील केव्हिन अल्टिस या दोघांनीं अशा वेब-प्रॉक्सीचें वर्णन करणारा निबंध लिहिला, आणि मे १९९४ मध्यें जिनीव्हा येथें भरलेल्या पहिल्या वेब-परिषदेंत तो मांडण्यांत आला.

त्या योजनेंतील एक बारकावा फार बोलका आहे. त्या काळच्या नेहमींच्या रीतींत आपला ब्राउझर सर्व्हरच्या दारांत पोंचल्यावर ‘अमुक पान द्या’ एवढेंच म्हणे. दार कोणाचें हें पुन्हां सांगण्याचें कारण नसे. मुखत्याराला मात्र घर, आळी, दार यांसकट संपूर्ण पत्ता सांगावा लागतो. नाहीं तर तो जाणार कोठें? म्हणजे पहिल्या दिवसापासूनच मुखत्याराला आपला प्रत्येक मुक्काम ठाऊक झाला. कंपनीच्या दिंडीवर बसलेला मनुष्य कंपनीचा चाकर असल्यानें त्यांत कोणास गैर वाटलें नाहीं. उलट, कोण बाहेर गेलें याची नोंद ठेवणें हेंही त्याच्या कामांपैकींच एक होतें.

याच्याही थोडा अगोदर, १९९२ सालीं, ‘सॉक्स’ नांवाचा दुसऱ्या जातीचा मुखत्यार डेव्हिड कोब्लास यानें पुढें आणला होता. वेबचा मुखत्यार मागणी वाचतो व समजून घेतो. सॉक्सचा मुखत्यार ओझें जसें मिळालें तसें न उलगडतां पलीकडे पोंचवितो. पहिला कारकून म्हटला तर दुसरा हमाल. त्यामुळें सॉक्सच्या द्वारें वेबच काय, टपाल, फायली, कशाचीही ने-आण होऊं शकते. या दोन जाती आजही चालू आहेत. मात्र एक सांगितलें पाहिजे: हमाल गांठोडें सोडीत नाहीं याचा अर्थ गांठोड्याला कुलूप आहे असा नव्हे. त्याच्या मनांत आलें तर तो सोडूं शकतो.

कारकुनाला लवकरच दुसरें काम मिळालें, तें कोठावळ्याचें. सकाळीं एकानें मागितलेलें पान दुपारीं दुसऱ्यानें मागितलें, तर पुन्हां समुद्रापलीकडे जाण्याचें कारण काय? सकाळचें पान कोठींत ठेवावें व तेंच द्यावें. अमेरिकेंतील ‘हार्वेस्ट’ या विद्यापीठीय प्रकल्पांत ही कोठी वाढली आणि तिच्यापासूनच १९९६ सालीं ‘स्क्विड’ ही प्रॉक्सी निघाली. ड्वेन वेसल्स हा तिचा प्रमुख शिल्पकार. ती सर्वांस मोफत होती, आणि जगभरच्या विद्यापीठांनीं व इंटरनेट-कंपन्यांनीं ती बसविली. भारतांत विदेश संचार निगमनें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट सुरू केलें. टेलिफोनच्या तारेवरून तेव्हां एकेक चित्र उमटतांना किती वेळ लागे, हें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांना कोठीचें महत्त्व निराळें सांगावयास नको.

परंतु येथेंच एक नवी गोष्ट घडली. कांहीं इंटरनेट-कंपन्या ग्राहकाला न विचारतांच त्याची वाट आपल्या कोठीवरून वळवूं लागल्या. ग्राहकाला वाटे, मी थेट जात आहें. प्रत्यक्षांत मधें मुखत्यार उभा असे. ग्राहकाच्या नजरेला तो पडतच नाहीं, म्हणून अशा प्रॉक्सीला ‘पारदर्शक’ म्हणतात. शिवाय मागणीच्या माथ्यावर ‘ही अमक्या पत्त्याच्या गृहस्थाकरितां’ अशी एक ओळ लिहिण्याची चाल पडली. म्हणजे मुखत्यार असूनही सर्व्हरला मूळ पत्ता कळे. यावरूनच पुढें प्रॉक्सींची प्रतवारी झाली. मूळ पत्ता सांगून टाकणारी पहिली. ‘मी मुखत्यार आहें, पण कोणाचा तें सांगणार नाहीं’ असें म्हणणारी दुसरी. आणि आपण मुखत्यार आहों हेंही कळूं न देणारी तिसरी. जाहिरातींत या तिसरीची फार थोरवी गातात. पण ही सर्व प्रतवारी सर्व्हरला काय दिसतें एवढ्यापुरतीच आहे. मुखत्याराला स्वतःला काय दिसतें, याविषयीं ती एक अक्षरही बोलत नाहीं.

आणखी एक जात आहे, तिला ‘उलटी प्रॉक्सी’ म्हणतात. हा मुखत्यार गिऱ्हाइकाचा नसून दुकानदाराचा असतो. येणाऱ्या गर्दीला तो तोंड देतो आणि खरें दुकान मागें सुरक्षित ठेवतो. ईगोर सिसोयेव्ह या रशियन गृहस्थानें २००४ सालीं प्रसिद्ध केलेली ‘एन्जिनेक्स’ या कामीं फार प्रसिद्धीस आली, आणि २०१० पासून ‘क्लाउडफ्लेअर’ सारख्या कंपन्यांनीं हाच धंदा मोठ्या प्रमाणावर चालविला. सोय मोठी खरी. पण असंख्य दुकानांची दारें एकाच द्वारपालाच्या हातीं गेलीं. फेब्रुवारी २०१७ मध्यें याच कंपनीच्या यंत्रांतील एका चुकीमुळें एका संकेतस्थळाच्या पानांतून दुसऱ्याच संकेतस्थळाच्या ग्राहकांची खाजगी माहिती बाहेर सांडत असल्याचें उघडकीस आलें. ज्यांची माहिती सांडली त्यांपैकीं बहुतेकांनीं त्या द्वारपालाचें नांवही ऐकलेलें नसेल.

आतां मुखवट्याच्या इतिहासाकडे वळूं. मुखत्याराचा उपयोग आपली ओळख लपविण्यासाठीं करावा, ही कल्पना प्रथम टपालाच्या क्षेत्रांत लोकप्रिय झाली. फिनलंडमध्यें योहान हेल्सिंगिअस या गृहस्थानें १९९३ च्या सुमारास एक टपालमुखत्यार चालविला. त्याच्याकडे पत्र धाडावें. त्यानें खरें नांव काढून टोपणनांव घालावें व पुढें पाठवावें. उत्तर आलें कीं तें मूळ मालकाला पोंचतें करावें. घरांतील छळ, जडलेला आजार, व्यसन, यांविषयीं उघड नांवानें बोलण्याची ज्यांना सोय नव्हती, अशा हजारों लोकांना या मुखत्याराचा आधार वाटला. परंतु उत्तर परत पोंचवावयाचें म्हणजे टोपणनांव कोणाचें याची वही ठेवणें आलें. १९९५ च्या फेब्रुवारींत ‘चर्च ऑफ सायंटॉलॉजी’ या पंथाच्या तक्रारीवरून पोलिसांनीं त्याजकडून त्या वहींतील एक खरा पत्ता मिळविला. पुढच्या वर्षीं न्यायालयानेंही एका प्रकरणांत माहिती देण्याचा हुकूम केला. तेव्हां ३० ऑगस्ट १९९६ रोजीं हेल्सिंगिअसनें आपली सेवा बंद करीत असल्याचें जाहीर केलें.

हेल्सिंगिअस लबाड नव्हता. तो प्रामाणिक होता, आणि या कथेचें सारें मर्म त्यांतच आहे. मुखत्यार कितीही सज्जन असला तरी त्याच्यापाशीं वही आहे. आणि जी वही आहे ती आज ना उद्यां कोणी तरी मागणारच.

वेबवरही असे मुखवटे लवकरच आले. १९९० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत ‘ॲनॉनिमायझर’ ही सेवा प्रसिद्धीस आली. हिची रीत सोपी होती. एक पान उघडावें, त्यांतील रकान्यांत इच्छित पत्ता लिहावा, आणि तें पान मुखत्याराच्याच पानांत उमटावें. आजही फुकट मिळणाऱ्या कित्येक प्रॉक्सी याच घाटाच्या आहेत. यांत कांहीं बसवावें लागत नाहीं, म्हणून लोकांना त्या आवडतात. परंतु या जातींत आपण जें जें लिहितों, तें मुखत्याराच्या पानावर लिहितों हें विसरतां कामा नये. पासवर्ड लिहिला तर तो प्रथम त्याच्या हातीं पडतो. मग तो पुढें पाठवितो.

मग वहीच नसलेला मुखत्यार निर्माण करतां येईल काय? याचें उत्तर शास्त्रज्ञांनीं आधींच शोधून ठेविलें होतें. डेव्हिड चॉम या अमेरिकन गणितज्ञानें १९८१ सालीं एक निबंध लिहून दाखविलें कीं, एका मुखत्याराऐवजीं अनेक मुखत्यारांची माळ केली व प्रत्येकाला त्याच्यापुरतेंच कळेल अशी व्यवस्था केली, तर कोणा एकाजवळ सबंध माहिती राहत नाहीं. या विचाराच्या आधारें अमेरिकन आरमाराच्या संशोधनशाळेंत डेव्हिड गोल्डश्लाग, मायकेल रीड आणि पॉल सायव्हर्सन या तिघांनीं १९९६ च्या सुमारास ‘ऑनियन राउटिंग’, म्हणजे कांद्याच्या पापुद्र्यांची पद्धति, मांडली. पत्राला एकावर एक तीन लाखोटे घालावयाचे. पहिला मुखत्यार वरचा लाखोटा फोडतो. आंत त्याला फक्त दुसऱ्याचा पत्ता मिळतो. दुसऱ्याला तिसऱ्याचा. तिसरा शेवटचा पापुद्रा काढून पत्र इच्छित दारीं टाकतो. पत्र कोणाचें हें पहिल्याला ठाऊक, पण कोणाकडे जावयाचें तें नाहीं. तिसऱ्याला कोणाकडे तें ठाऊक, पण कोणाचें तें नाहीं.

२००२ सालीं या कल्पनेवर ‘टॉर’ ही व्यवस्था सुरू झाली. रॉजर डिंगलडाइन व निक मॅथ्यूसन हे तीत सायव्हर्सनचे सहकारी. २००६ सालीं तिच्यासाठीं स्वतंत्र धर्मादाय संस्था स्थापन झाली. आरमाराची विद्या सर्वांना मोकळी कां केली, असा प्रश्न पडेल. कारण गंमतीचें आहे. जर केवळ आरमाराचेच लोक हा मार्ग वापरतील, तर या मार्गानें बाहेर पडणारा प्रत्येक मनुष्य आरमाराचाच, हें जगाला न सांगतां कळेल. बुरखा एकट्यानेंच घेतला तर तीच त्याची खूण होते. लपण्यासाठीं गर्दी लागते, आणि ती गर्दी परक्यांची असावी लागते.

पण या उत्कृष्ट योजनेंतही एक भेग होती. शेवटचा पापुद्रा निघाल्यावर पत्र उघडें असेल, तर तिसऱ्या मुखत्याराला तें वाचतां येतें. २००७ सालीं डॅन एगेरस्टाड या स्वीडिश तरुणानें स्वतःच टॉरच्या टोकाचीं पांच यंत्रें चालविलीं आणि त्यांवरून काय जातें तें पाहिलें. त्या वर्षाच्या ऑगस्टअखेर त्यानें सुमारें शंभर टपालपेट्यांचे पासवर्ड जाहीर केले. त्यांत अनेक देशांच्या वकिलातींच्या पेट्या होत्या, आणि आपल्या भारताच्याही होत्या! एगेरस्टाडनें कुलूप फोडलें नव्हतें, कुलूप नव्हतेंच. हे पासवर्ड तीन मुखत्यारांच्या हातून, नांवगांव न कळतां, पण उघड्या चिठ्ठीवर लिहिलेले जात होते. ‘कोण’ हें लपविणें निराळें आणि ‘काय’ हें लपविणें निराळें, हा धडा इतक्या स्पष्टपणें क्वचितच कोणी शिकविला असेल.

‘काय’ लपविण्याचें साधन म्हणजे लाखोटा, आणि तो वेबवर फार पूर्वींच तयार होता. नेटस्केप कंपनीनें आपल्या ब्राउझरमध्यें सांकेतिक लिपीची सोय आणली. आज पत्त्याच्या आरंभीं ‘एच्‌टीटीपीएस’ हीं अक्षरें असतात, तीं या लाखोट्याचीच खूण. लाखोटा आला तेव्हां मुखत्याराची पंचाईत झाली. त्याचा सारा धंदा मागणी वाचण्यावर. मोहोर केलेलें पत्र तो वाचणार कसें? ही अडचण सोडविण्याची रीत लिहून काढली ती त्याच आरी लुओटोनेननें. तो तोंवर सर्न सोडून नेटस्केपमध्यें गेला होता. त्याची युक्ति अशी: ब्राउझरनें मुखत्याराला ‘मला अमक्या दाराशीं जोडून दे’ एवढेंच सांगावें, मुखत्यारानें जोडून द्यावें आणि बाजूला व्हावें. पुढचें सारें संभाषण लाखोट्यांतून. मुखत्याराला दार कळतें. दारांतील बोलणें कळत नाहीं. सुरक्षित वेबवाचनाच्या इतिहासांत मला ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. मुखत्याराला जितकें कमी कळेल तितका तो अधिक विश्वासार्ह, हें सूत्र त्यांत आहे.

मात्र हा लाखोटा कित्येक वर्षें पेढ्या व दुकानें यांपुरताच राहिला. मोहोरेसाठीं दाखला लागे व त्यास पैसे पडत. २०१५ च्या अखेरीस ‘लेट्‌स एन्क्रिप्ट’ या संस्थेनें असे दाखले फुकट देण्यास आरंभ केला, तेव्हांपासून लाखोट्याची चाल झपाट्यानें सार्वत्रिक झाली.

परंतु मोहोरही खोटी करतां येते. नेदर्लंडमध्यें ‘डिजिनोटार’ नांवाची एक दाखले देणारी कंपनी होती. २०११ सालीं चोरांनीं तिच्या यंत्रांत शिरून गूगलच्या नांवाचे बनावट दाखले काढले. त्या बनावट मोहोरेच्या जोरावर इराणांतील लोकांच्या आणि गूगलच्या मधें कोणी तरी अदृश्य मुखत्यार होऊन बसला. लाखोटा फोडावा, वाचावा, पुन्हां तसाच बंद करावा, असा त्याचा क्रम होता. सुमारें तीन लाख पत्त्यांवरील लोक या जाळ्यांत सांपडल्याचें चौकशींत दिसून आलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत ती कंपनी दिवाळखोरींत निघाली. म्हणूनच ब्राउझर जेव्हां ‘या दाखल्याचा भरंवसा वाटत नाहीं’ असा इशारा देतो, तेव्हां घाईनें ‘पुढें चला’ म्हणूं नये. आणि एखादी प्रॉक्सी ‘माझा दाखला आपल्या यंत्रांत बसवा’ असें म्हणेल, तर ती आपल्या सर्व लाखोट्यांची किल्ली मागत आहे असें समजावें.

यावरून मुखत्यार म्हणजे संकटच, असा ग्रह होऊं नये म्हणून आपल्याच मुंबईशीं संबंध असलेली एक आठवण सांगतों. ११ जुलै २००६ रोजीं मुंबईच्या लोकलगाड्यांत बाँबस्फोट झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारनें कांहीं थोडीं पानें बंद करण्याचा हुकूम इंटरनेट-कंपन्यांना दिला. नेमकीं तेवढींच पानें बंद करण्याऐवजीं कित्येक कंपन्यांनीं ‘ब्लॉगस्पॉट’ सारख्या सबंध पेठाच बंद केल्या, आणि असंख्य निरुपद्रवी लोकांचें लिहिणें-वाचणें एकदम थांबलें. त्या वेळीं पुष्कळ भारतीयांनीं ज्या प्रॉक्सीचा आधार घेतला, ती एका पाकिस्तानी मंडळीनें उभारलेली होती. त्याच वर्षीं त्यांच्या देशांतही ब्लॉगस्पॉट बंद झाल्यामुळें त्यांनीं ती आपल्या लोकांसाठीं तयार केली होती. शेजाऱ्यांचें राजकारण कांहीं असो; बंद दारापुढें उभे असलेले दोन्हीकडचे वाचक एकाच दिंडीतून आंत गेले.

त्याच वर्षाच्या १ डिसेंबरला टोरांटो विद्यापीठाच्या ‘सिटिझन लॅब’नें ‘सायफॉन’ ही योजना प्रसिद्ध केली. तिच्या मुळाशीं असलेला विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. ज्या देशांत वेबवर बंधनें नाहींत, तेथील माणसानें आपल्या घरच्या यंत्रावर प्रॉक्सी चालवावी आणि तिचा पत्ता बंधनांच्या देशांतील आपल्या आप्ताला किंवा मित्राला द्यावा. म्हणजे मुखत्यार हा कोणी अनोळखी दुकानदार नव्हे, तर आपल्या नात्याचा, ओळखीचा मनुष्य. यंत्रविद्येच्या लोकांनीं शेवटीं आपल्या आजोबांचाच नियम स्वीकारला: मुखत्यारपत्र कोणाला लिहून द्यावें? ज्याला आपण ओळखतों त्याला.

हा नियम सुटला म्हणजे काय होतें याचेंही उदाहरण आहे. प्रॉक्सीचा एक चुलतभाऊ आहे, त्यास व्ही. पी. एन. म्हणतात. प्रॉक्सी बहुधा एका ब्राउझरचें काम पाहते. हा मात्र यंत्राची सारी वाहतूक एका सांकेतिक बोगद्यांतून आपल्याकडे नेतो. फेसबुक कंपनीनें २०१३ सालीं ‘ओनाव्हो’ नांवाची एक कंपनी विकत घेतली आणि तिचा ‘ओनाव्हो प्रोटेक्ट’ हा व्ही. पी. एन. लोकांना मोफत दिला. ‘प्रोटेक्ट’ म्हणजे रक्षण करणें. परंतु हा रक्षक, लोक मोबाइलवर कोणकोणतीं ॲपें किती वापरतात, ही माहिती धन्याच्या व्यापारासाठीं गोळा करीत होता. ऑगस्ट २०१८ मध्यें तो ॲपलच्या दुकानांतून काढावा लागला. आणि ही गोष्ट ग्राहकांना नीट सांगितली नाहीं म्हणून जुलै २०२३ मध्यें ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानें त्या कंपन्यांस दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. फुकट चाकरी करणाऱ्या मुखत्याराचा पगार कोण देतो, हें विचारण्याची संवय आपणांस असती तर इतकें लांब जाण्याचें कारण पडलें नसतें.

आपल्या देशांतही वहीचा प्रश्न उभा राहिलाच. २८ एप्रिल २०२२ रोजीं भारत सरकारच्या ‘सर्ट-इन’ या संस्थेनें असा आदेश काढला कीं, व्ही. पी. एन. पुरविणाऱ्यांनीं आपल्या ग्राहकांचीं नांवें, पत्ते इत्यादि माहिती निदान पांच वर्षें जपून ठेवावी. गुन्ह्यांच्या तपासाला ती लागते, असें सरकारचें म्हणणें. वही ठेवावयाची नाहीं हेंच आमचें व्रत, असें कांहीं परदेशी कंपन्यांचें म्हणणें. त्यांपैकीं कित्येकांनीं आपलीं यंत्रें भारतांतून हलविलीं. दोन्ही बाजूंस कारणें आहेत. गुन्हेगारही मुखवटा घालतो आणि छळानें गांजलेलाही घालतो. मुखवट्याला त्यांतला फरक कळत नाहीं. पण फिनलंडमधील १९९६ सालचा प्रश्न आणि हा प्रश्न एकच आहे, हें आपल्या लक्षांत आलें असेल. वही असावी कीं नसावी, असल्यास ती कोणाच्या हातीं असावी, हाच तो प्रश्न.

दरम्यान कांद्याच्या पापुद्र्यांची विद्या बाजारांतही उतरली आहे. ॲपलनें २०२१ सालीं आपल्या ग्राहकांना दोन मुखत्यारांची एक सोय देऊं केली. पहिला मुखत्यार ॲपलचा. त्याला ग्राहक कळतो, दार कळत नाहीं. दुसरा मुखत्यार दुसऱ्या कंपनीचा; त्याला दार कळतें, ग्राहक कळत नाहीं. चॉमच्या निबंधाला तेव्हां चाळीस वर्षें झालीं होतीं.

श्रोतेहो, या सर्व इतिहासाचें सार मला असें दिसतें. मुखत्यार गुप्तता निर्माण करीत नाहीं. आपलें गुपित तो एकाच्या हातून काढतो आणि दुसऱ्याच्या हातीं देतो. आणि तो दुसरा बहुतेक वेळां तो स्वतःच असतो. जेथें ज्ञान वाटून टाकलेलें असतें, किंवा लाखोट्यानें झांकलेलें असतें, तेथेंच खरी सुरक्षितता सांपडते. म्हणून कोणतीही प्रॉक्सी घेण्यापूर्वीं तीन प्रश्न विचारावे. ही माझी कोणती गोष्ट लपविते, मी कोण हें कीं मी काय लिहितों हें? ती कोणापासून लपविते? आणि हिला स्वतःला काय दिसतें, व हिचा धनी कोण?

हे तीन प्रश्न मीं कागदावर लिहून माझ्या विद्यार्थ्याला दिवाळींत दिले. पहिल्या दोहोंचीं उत्तरें त्याला अर्ध्या तासांत मिळालीं. त्याची प्रॉक्सी पान उघडून पत्ता लिहावयाच्या जातीची निघाली. म्हणजे बँकेचा पासवर्ड तो दुसऱ्याच्याच पानावर लिहीत होता. तिसऱ्या प्रश्नाला मात्र तो दोन दिवस शोधीत होता; धन्याचें नांव, गांव, पत्ता कोठेंच लिहिलेला नव्हता. “गुरुजी, धनी सांपडत नाहीं,” असें त्यानें मला फोनवर सांगितलें. मीं म्हटलें, “मग मुखत्यारपत्र कोणाला लिहून दिलेंस?” तो क्षणभर गप्प राहिला. त्याच सायंकाळीं त्यानें तें चिन्ह पडद्यावरून काढून टाकलें आणि बँकेचा पासवर्ड बदलला. आतां तो बँकेच्या दारीं स्वतःच जातो, लाखोट्याची खूण पाहून.